अंगठेबहाद्दर

देवपुरातल्या त्या घरात आतून कडी लावता येईल असं एकही दार नव्हतं. पुढच्या दाराला नव्हती, मागच्याला नव्हती आणि न्हाणीघरालाही नव्हती. हे मला सामान आणून टाकल्यावर कळलं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची, धुळ्यात नुकतीच लागलेली मराठीची शिक्षिका. वरच्या दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या होत्या. खाली घरमालक आबा आणि त्यांच्या पत्नी माई. न्हाणीघराला कडी कधी बसवताय, असं तावातावानं विचारायला मी खाली गेले, तर आबा शांतपणे अंगणात गेले, एक वीट उचलली, नळाखाली धुतली आणि माझ्या हातात दिली.

"ही आतून दाराला लाव. कोणी ढकललं तर आवाज होईल."

"आणि कडी लावली तर काय बिघडेल?"

"कडीचाही आवाज होतो," आबा म्हणाले. "तो मला घरात नको."

मी वीट घेऊन वर गेले आणि त्या विटेच्या भरवशावर पुढची चार वर्षं काढली. त्या दिवशी ज्यांच्या नावानं मी बोटं मोडली, त्यांच्याविषयी आजवर कुठे एक ओळ लिहिली नाही. लिहायला बसलं की त्यांच्या गोष्टीच्या मागोमाग माझीही गोष्ट निघते, आणि तिच्यात मी काही बरी दिसत नाही.

आबा हवाई दलात होते हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. एकाहत्तरच्या लढाईत ते बॉम्बर विमानावर नॅव्हिगेटर होते, म्हणजे विमान आत्ता कुठं आहे आणि कुठं वळवायचं हे नकाशावरून वैमानिकाला सांगणारे. विमान पडलं, आबा पलीकडच्यांच्या हाती सापडले, वर्षभर कैदेत राहिले आणि सुटून आले. याच्या पुढचं गल्लीला माहीत नव्हतं. माईंनाही नव्हतं.

कड्यांचा इतिहास मला माईंनीच सांगितला, त्यांच्या अहिराणीत. "मी लगीन करी उनू तवय बठ्ठ्या दारेसले कड्या व्हत्यात. ह्या तथून उनात, पक्कड लिधी आनि एक एक करी काढी टाक्यात. मी बोलनू, चोर येई ना! तं म्हनेत, येऊ दे, त्याले जाता बी येवाले पाहिजे."

आबांना डावं-उजवं नव्हतं. त्यांच्या जगात सगळं अंशांत आणि मिनिटांत होतं. कोपऱ्यावरचं शेठचं किराणा दुकान 'दोनशे दहावर चार मिनिटं' होतं आणि पांझरेचा पूल 'एकशे ऐंशीवर अकरा'. शेठ मारवाडी माणूस, तीन पिढ्यांपासून धुळ्यात, मस्करीत पटाईत. आबा दिसले की गल्ल्यावरूनच विचारायचे, "काय आबासाहेब, आज किती मिनिटं लागली?" आणि आबा गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "अर्धं मिनिट उशीर. म्हैस आडवी होती."

एकदा आम्ही तिघं सोनगीरला एका लग्नाला एसटीनं निघालो. आबांनी बसल्याबसल्या डोळे मिटले. मला वाटलं झोपले. थोड्या वेळानं डोळे न उघडताच ते म्हणाले, "आता किल्ला दिसायला लागेल." मी बाहेर बघितलं तर किल्ला दिसायला लागलेला. मी म्हणाले, "आबा, एवढं ठाऊक आहे तर उघड्या डोळ्यांनी बघा की."

"मला खिडकी कधी नव्हतीच गं," ते म्हणाले. "खिडकी वरच्याला. मी खाली, नकाशावर."

वरचा म्हणजे त्यांचा वैमानिक. तोही खानदेशातलाच, पाचोऱ्याचा. हवाई दलाच्या त्या तळावर पंजाबी होते, बंगाली होते, मद्रासी होते, आणि त्यात अहिराणी कळणारे हे दोघेच. म्हणून जोडी जमली. नियमानं विमानात इंग्रजीत बोलायचं, पण ढगांच्या वर गेल्यावर कोण ऐकतंय? मग आबा खालून सांगायचे, "नदी उनी रे, आते वयाड," आणि विमान वळायचं. हे सांगताना आबा हसायचे. वैमानिकाचं नाव मात्र त्यांनी माझ्यासमोर कधी घेतलं नाही. नेहमी 'वरचा'.

कैदेतल्या गोष्टीही ते हसतहसतच सांगायचे. पोळीच्या लगद्याचा बुद्धिबळाचा डाव केला होता, तो उंदरांनी वजिरासकट खाल्ला. एक पहारेकरी आपल्या शेतातला मुळा सदऱ्यात लपवून आणायचा आणि देताना वर शिवी द्यायचा, म्हणजे दुसऱ्या पहारेकऱ्याला संशय यायला नको. बैठकीतलं भिंतीवरचं घड्याळ अर्धा तास मागं होतं, ते तिकडच्या वेळेवर लावलेलं. घरात येणारा-जाणारा प्रत्येक जण मनातल्या मनात अर्धा तास मिळवायचा. ते नीट का लावत नाही असं मी विचारलं तर म्हणाले, "तिकडचं अजून संपलेलं नाही."

त्या घड्याळाखालच्या झोपाळ्यावर बसून ते एक चाळा करायचे. उजव्या हाताचं बोट झोपाळ्याच्या फळीवर फिरवत राहायचे, लिहिल्यासारखं, आणि थांबलं की घड्याळाकडं बघायचे. पुन्हा लिहायचे, पुन्हा बघायचे. मी एकदा विचारलं, "काय काढताय आबा, रांगोळी?" त्यांनी बोट मिटून घेतलं. म्हाताऱ्या माणसांना असे चाळे असतात, अशी मी स्वतःची समजूत घातली.

बोटानं लिहिणारा हा माणूस पेन मात्र हातात धरत नव्हता. रजिस्टर पत्र आलं की पोस्टमन शाईचा पॅड काढायचा आणि आबा डाव्या हाताचा अंगठा उठवायचे. पोस्टमन जाताना मला डोळा मारून म्हणायचा, "हवाई दलाचे अंगठेबहाद्दर." माईंचा राग याहून जुना होता. कैदेतून घरी पाठवायला सगळ्यांना कार्डं मिळायची. "बठ्ठासना घर कागद येत," माई सांगायच्या, "मना घर एक बी नही. नवी नवरी मी, सासरनी मानसं मना तोंडकडे देखेत. दुसरा कोनीतरी त्याना कार्डवर लिखे, तुमचा माणूस ठीक शे. याना हात का मोडना व्हता?" आबा हे ऐकून उठून अंगणात जायचे आणि जास्वंदीला पाणी घालायचे. त्या घरातली जास्वंद माईंच्या रागावरच वाढली होती.

आता माझी पहिली चूक. आमच्या शाळेत सुंदर हस्ताक्षर स्पर्धा होती आणि ती माझ्याकडे होती. माझं स्वतःचं अक्षर चांगलं आहे, हे मला लहानपणापासून इतक्या लोकांनी सांगितलंय की तो माझा एक दागिनाच झाला होता. बक्षीस द्यायला पाहुणा हवा होता. मी म्हटलं, आपल्या घरात लढाईतला माणूस बसलाय, आणखी कुठं शोधायचं? आबा नाही-नाही म्हणाले, पण मी हट्टाला पेटले तेव्हा आले. निळा कोट घालून आले. मला केवढा अभिमान वाटला.

आधी प्रमाणपत्रांवर पाहुण्यांची सही घ्यायची होती. मुख्याध्यापकांनी पेन पुढं केलं. आबांनी खिशातून शाईचा पॅड काढला, तो ते बरोबर घेऊनच आले होते, आणि एकेका प्रमाणपत्रावर अंगठा उठवायला लागले. सुंदर हस्ताक्षराबद्दल दिलेलं प्रमाणपत्र आणि त्याच्या खाली अंगठा! मुलं फिदीफिदी हसली, पालक एकमेकांकडं बघायला लागले, आणि मुख्याध्यापक माझ्याकडं. मग भाषण. आबांनी पहिल्या नंबरच्या मुलीची वही हातात घेतली, बराच वेळ पाहिली. टपोरं अक्षर, प्रत्येक शीर्षकाखाली पट्टीनं मारलेली रेघ. ते तिला म्हणाले, "पोरी, छान आहे. पण घाईच्या वेळी अक्षर खराब यायला पाहिजे. तेव्हाही असंच आलं तर समज की माणसात काहीतरी चुकलंय." आणि खाली बसले. ती पोर रडायला लागली.

घरी आल्यावर मी जिन्याखाली उभी राहून त्यांना बोलले. खूप बोलले. लहान मुलीचा आनंद घालवलात, मला शाळेत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत, शिकलेला माणूस असून ही सोंगं कशाला, असं बरंच. माई बाहेर येऊन थक्क होऊन बघत राहिल्या. आबांनी सगळं ऐकून घेतलं. आठवडाभर आम्ही बोललो नाही. मग एका रविवारी दुपारी माई देवळात गेलेल्या असताना त्यांनी मला खाली बोलावलं, झोपाळ्यावर जागा करून दिली आणि म्हणाले, "तुला सांगतो. ओरडणारीला सांगायला बरं."

त्यांनी जे सांगितलं ते असं. त्या विमानात दोघंच असायचे. वैमानिक वर, काचेखाली. त्याची खुर्ची अशी की हँडल ओढलं की माणसाला विमानाबाहेर फेकून देते. आबा खाली, एका छोट्या दिव्याच्या उजेडात, नकाशा आणि नोंदीचा कागद घेऊन. त्यांना तसली खुर्ची नव्हती. त्यांनी हवाई छत्री छातीला अडकवायची आणि बाजूच्या दारातून सरपटत बाहेर पडायचं. म्हणून रीत अशी की खालचा बाहेर पडेपर्यंत वरच्यानं विमान सरळ धरायचं आणि मग स्वतः निघायचं.

त्या रात्री परत येताना गोळा लागला. उजवं इंजिन पेटलं. वरचा म्हणाला, "तू निंघ. मी धरी ठेवस."

"आणि मी काय केलं?" आबा म्हणाले. "मी घड्याळ बघितलं आणि नोंद लिहिली. वेळ, जागा, उंची, उजवं इंजिन. आमचे गुरुजी शिकवायचे, जे लिहिलं नाही ते घडलंच नाही. दर सहा मिनिटांनी लिहायचं, काही झालं की लिहायचं. हाताला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. वरून त्यानं विचारलं, 'निंघना का?' मी म्हटलं, 'निंघस.' आणि लिहीतच होतो. पुन्हा विचारलं, 'निंघना का?' मी म्हटलं, 'निंघस, निंघस.' लिहून झालं. कागदाची घडी केली, मांडीवरच्या खिशात घातली. मग छत्री अडकवली आणि निघालो. छत्री उघडली, मी वळून बघतो तर विमान त्याच्यासकट जमिनीवर आदळलेलं होतं."

"मला आधी वाटायचं, मी दोन शब्द खरडले असतील," आबा म्हणाले. "चौकशीला बसवलं तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याच्या हातात माझाच कागद. त्यानं तो बघितला आणि मला म्हणाला, 'लिखावट बहुत खूबसूरत है आपकी.' कागद फिरवून मला दाखवला. एकेक अक्षर टपोरं. आणि खाली रेघ मारलेली. पट्टीनं."

झोपाळ्याच्या फळीवर त्यांनी बोटानं ती नोंद पुन्हा लिहून दाखवली, आणि घड्याळाकडं बघितलं. तो चाळा काय होता ते मला तेव्हा कळलं. "अकरा सेकंद," ते म्हणाले. "कधी बारा होतात. रेघ धरून चौदा. आणि हँडल ओढायला दोन लागतात."

पाचोऱ्याला त्या वैमानिकाची धाकटी बहीण होती. आबा सुटून आले तेव्हा ती वडिलांबरोबर धुळ्याला भेटायला आली होती, वीस-एकवीस वर्षांची मुलगी. तिनं एकच विचारलं, दादा शेवटी काय बोलला? आबा तिला म्हणाले, "काही नाही. वेळच नव्हता." तिनं ते खरं मानलं. आणि पुढच्या श्रावणापासून तिची राखी यायला लागली. पाकिटात राखी, कुंकू लावलेल्या चार अक्षता, पाठीमागं पाचोऱ्याचा पत्ता, दुसरं काही नाही. आबांनी त्यातली एकही कधी बांधली नव्हती. सगळ्या एका बिस्किटाच्या डब्यात होत्या. तिला खरं सांगायला ते कितीदा तरी निघाले होते. धुळ्याहून चाळीसगाव, तिथं गाडी बदलायची, पुढं पाचोरा. बहुतेक वेळा चाळीसगावहून परत आले. एकदा पाचोऱ्याच्या फलाटावर उतरून तासभर बाकावर बसले आणि उलटी गाडी पकडली.

"तू लिही," ते मला म्हणाले. "माझ्याच्यानं पेन धरवत नाही. तुझं अक्षर चांगलं आहे."

तीन रविवार दुपारी आम्ही ते एक पान लिहिलं. ते सांगायचे, मी लिहायची, आवडलं नाही की फाडायचे. 'ताई, तुम्ही विचारलं होतं तो शेवटी काय बोलला. मी म्हणालो वेळ नव्हता. वेळ होता. तो मी घेतला.' इथं मी अडले. मी म्हटलं, आबा, एवढं कठोर कशाला, मोघम लिहू. ते म्हणाले, "मोघम मी एकदा सांगून बसलोय." मग घडलं ते सगळं, दोनदा विचारलेल्या 'निंघना का'सकट. आणि शेवटी, 'हे वाचून तुमची राखी आली नाही तरी माझी तक्रार नाही. आली तर मी ती बांधीन.' खाली त्यांनी अंगठा उठवला. मी पान सावकाश, मन लावून पक्कं लिहिलं होतं. एकही खाडाखोड नव्हती.

पत्र टाकायचं काम माझ्याकडे होतं. टपालपेटी पांझरेच्या पुलाच्या अलीकडे. मी तिथवर गेले, पाकीट पेटीच्या तोंडाशी धरलं, आणि माझ्या मनात विचार आला की ती बाई आता साठीची असेल. भाऊ पळभरात गेला, एवढ्यावर तिनं इतकी वर्षं काढली. तिला आता हे अकरा सेकंद कशाला? आणि यांना राखी आली नाही तर हे जगतील का? मुलांच्या वह्या तपासून तपासून मला एक खोड लागली होती, दुसऱ्याचं लिहिलेलं आपण दुरुस्त करू शकतो असं वाटायची. मी दोन माणसांच्या वतीनं शहाणपणा केला आणि पाकीट पर्समध्ये परत ठेवलं.

"टाकलंस ना?" आबांनी विचारलं.

"हो आबा."

तिथून श्रावणापर्यंत अडीच महिने होते. आबा रोज दुपारी पोस्टमनच्या वेळेला फाटकाशी उभे राहायचे. पहिले काही दिवस मला वाटायचं, अजून वेळ गेलेली नाही, उद्या टाकून येऊ. मग वाटायला लागलं की आता टाकलं तर उशीर का झाला ते कळेल. पुढं पुढं तर मी शाळेतून मुद्दाम उशिरा यायला लागले, त्या फाटकावरून जावं लागू नये म्हणून.

राखी आली. का नाही येणार? तिला काही कळलेलंच नव्हतं. पोस्टमननं पाकीट दिलं तेव्हा मी जिन्यात होते. आबांनी ते उघडलं, राखी तळहातावर ठेवली आणि हाका मारत मला शोधत आले. त्या घरात त्यांना एवढ्या मोठ्या आवाजात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "आली गं. सगळं वाचून पाठवलीय तिनं." पौर्णिमेच्या दिवशी पाटावर बसले, डोक्यावर टोपी घातली आणि हात पुढं केला. "तिच्या वतीनं तू बांध," म्हणाले. मी बांधली. गाठ मारताना मी मान वर केली नाही. त्यांना वाटलं, मलाही भरून आलंय.

चार दिवसांनी पोस्टमन धावत शाळेत आला. "मॅडम, आबांनी सही केली." संध्याकाळी घरी गेले तर आबा कागदांवर कागद भरत बसलेले. चाळीस वर्षं पेन न धरलेला हात. अक्षर असं वेडंवाकडं, की पहिलीतल्या पोराचं बरं. मला दाखवत म्हणाले, "बघ, कसं खराब आलंय." एवढा खूश माणूस मी फार थोड्या वेळा पाहिलाय. माई स्वयंपाकघरातून आल्या, एक पोस्टकार्ड त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मना कागद बाकी शे. तो लिखी द्या आते."

आबांनी लिहिलं. 'मी ठीक आहे. काळजी करू नये.' पत्ता त्याच घराचा घातला आणि स्वतः जाऊन पेटीत टाकलं. तिसऱ्या दिवशी ते कार्ड घरी आलं. माईंना वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवलं. त्यांनी ते चार वेळा वाचायला लावलं आणि देव्हाऱ्यात ठेवलं.

ते सगळं माझ्या खोटेपणातून आलेलं होतं. कधीकधी मी स्वतःशी म्हणते की मग बरंच झालं की. पण तसं मला कधी मनापासून वाटलं नाही. माफी मिळाली असं आबांना वाटलं, आणि जिनं ती द्यायची तिला कुणी विचारलंच नव्हतं.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर आबा गेले, झोपेतच. हातावर त्या श्रावणात आलेली दुसरी राखी होती. नेताना ती काढायची की ठेवायची यावर बायका बोलायला लागल्या, तेव्हा माई म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या. दहाव्यानंतर त्यांनी मला सांगितलं की पाचोऱ्याच्या ताईंना तेवढं कळव. मी बरं म्हणाले. पण कळवायचं म्हणजे लिहायचं, आणि लिहायचं तर ते पत्रही पाठवायला हवं. मी ते केलं नाही. नंतर माझं लग्न झालं, मी जळगावला आले. पाकीट प्रत्येक घर बदलताना माझ्याबरोबर आलं. राखी दर वर्षी देवपूरच्या पत्त्यावर येत राहिली आणि माई ती आबांच्या फोटोला बांधत राहिल्या.

यंदा श्रावणात माईंचा फोन आला. "औंदा तिनी राखी नही उनी. तू जयगावलेच शे ना, पाचोराले जाई ये. देख, बाई शे का नही."

जळगावहून पाचोरा गाडीनं तासाभराच्या आत येतं. तो तासाचा प्रवास मला बारा वर्षं जमला नव्हता. स्टेशनच्या मागच्या वस्तीत घर सापडलं. ओट्यावर खाटेवर एक म्हातारी बाई बसली होती, डोळ्यांवर हिरवी पट्टी. हीच ती बहीण, लोक तिला अक्का म्हणत. मी धुळ्याच्या आबांकडून आले म्हटल्यावर तिनं चटकन पदर सावरला.

"राखी धाडता नही उनी," ती म्हणाली. "मना डोया गयात. सून म्हने मी लिखी देस पत्ता, पन ती कामना गडबडमा इसरनी. भाऊ रागे भरनात का?"

मी तिला आधी आबा गेल्याचं सांगितलं. कधी, तेही सांगितलं. तिनं बोटांवर हिशेब केला, किती राख्या मागून गेल्या याचा. मग मी पाकीट काढलं आणि सबंध पत्र वाचून दाखवलं. 'निंघना का' आलं तिथं तिनं माझा हात धरला.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"अहिरानीमा बोलना तो?" तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. "मी इतला वरीस समजू, इंग्रजीमा काही मोठं बोलना व्हई. आसाच व्हता तो. माले सायकलवर बसाडे तवय बी चार डाव इचारे, बसनी का, बसनी का."

पुढचं वाचून संपलं तेव्हा तिनं सही कुठं आहे ते विचारलं. मी तिचं बोट अंगठ्याच्या ठशावर ठेवलं आणि अंगठा का ते सांगितलं. ती तो ठसा चाचपत राहिली, जणू बोटाला काही लागणार होतं.

"मना भाऊनी धरी ठेवं, याले उतारं," ती म्हणाली. "मंग याना काय गुन्हा शे? कवय लिखं हाई?"

"बारा वर्षं झाली."

"मंग इतला दिन कोठे व्हतं?"

"माझ्याकडे."

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती बसून राहिली. रस्त्यावरून मक्याची गाडी गेली, तिची धूळ खाली बसेपर्यंत बसून राहिली.

"तवयच माले समजतं," ती म्हणाली, "तं मी सोता धुयाले गयी असतू. टपालमा काबर धाडतू? सोता बांधी असती."

आबांनी फाटकाशी उभं राहून ज्याची वाट बघितली ते हेच होतं, आणि ते एका पाकिटाच्या अंतरावर होतं. मी अक्कांच्या पायाशी बसून रडले. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, आणि मला दूरही सारलं नाही. सुनेनं चहा आणला. मी तो घेतला, कारण नको म्हणायचा मला हक्क नव्हता.

निघताना सुनेनं पत्र घडी करायला हातात घेतलं. ती शिकलेली होती. घडी करता करता थांबली आणि पान उजेडात धरून पाहायला लागली.

"किती सुंदर अक्षर आहे हो," ती म्हणाली. "तुमचं?"

"हो," मी म्हणाले. "सावकाश लिहिलंय."